उपयोजन की अर्थनिर्णय? : संगणकनीतीच्या इतिहासातील एक वाद

संगणकनीती या नावाने आज विद्यापीठांतून जो विषय शिकवला जातो, त्याच्या पाठ्यपुस्तकांची मांडणी बहुधा ठरलेली असते. प्रारंभीच्या एक-दोन प्रकरणांत नीतिविषयक उपपत्ती येतात : बेंथॅम आणि मिल यांचा उपयुक्ततावाद, कांटचा कर्तव्यवाद, कधी ॲरिस्टॉटलची सद्गुणमीमांसा, कधी सामाजिक कराराची कल्पना. त्यानंतर खाजगीपणा, आज्ञावलींची मालकी, संगणकीय गुन्हे, यंत्रांची विश्वासार्हता अशी प्रकरणे लागतात आणि आधी मांडलेल्या उपपत्ती त्यांना लावून दाखवल्या जातात. उपपत्ती आधी, उपयोजन नंतर, असा हा क्रम आहे. साहित्याच्या अभ्यासकाला तो परका वाटू नये. मार्क्सवादी, मानसशास्त्रीय, आदिबंधात्मक अशा कसोट्या एकाच कवितेला ओळीने लावण्याचा प्रघात मराठीच्या पदव्युत्तर वर्गांतही बराच काळ रूढ होता. आणि या खटाटोपात कविता तेवढी वाचायची राहून जाते, ही तक्रारही तितकीच जुनी आहे.

संगणकनीतीचा प्रत्यक्ष इतिहास मात्र या क्रमाने घडलेला नाही. ज्या लेखनातून हा विषय जन्माला आला ते लेखन उपपत्तीपासून सुरू होत नाही. यंत्राला सांगितलेल्या आणि यंत्राने उच्चारलेल्या वाक्यांचा अर्थ कोणी, कसा लावायचा या पेचापासून ते सुरू होते. म्हणजे मुळात हा पेच अर्थनिर्णयाचा आहे. तो पुढे उपयोजनाच्या चौकटीत बसवला गेला तेव्हा काय हाती आले आणि काय निसटले, हे पाहण्यासारखे आहे.

आरंभ नॉर्बर्ट वीनरपासून करावा लागतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात या अमेरिकन गणितज्ञाने ज्युलियन बिगेलोच्या सहकार्याने विमानविरोधी तोफांसाठी शत्रूच्या विमानाच्या पुढील स्थानाचा अंदाज घेणारे यंत्र रचण्याचा प्रयत्न केला. त्या कामातून ‘सायबरनेटिक्स’ (१९४८) हा ग्रंथ आणि त्याच्या पाठोपाठ सामान्य वाचकांसाठी लिहिलेला ‘द ह्यूमन यूज ऑफ ह्यूमन बीइंग्ज’ (१९५०) सिद्ध झाला. याच्याही आधी, जानेवारी १९४७ मध्ये, त्याचे एक पत्र ‘अटलांटिक मंथली’ने छापले होते. विमाननिर्मितीच्या क्षेत्रातील एका संशोधकाने त्याच्याकडे युद्धकाळातील एका शोधनिबंधाची प्रत मागितली होती. ती देण्यास नकार देणारे हे पत्र. क्षेपणास्त्रांसाठी उपयोगी पडणारे ज्ञान कोणाच्या हाती जाणार याची जबाबदारी ते निर्माण करणाऱ्यावरही येते, ही त्याची भूमिका होती. १९४९ मध्ये मोटार-कामगारांच्या संघटनेचा अध्यक्ष वॉल्टर रूथर याला पत्र लिहून त्याने स्वयंचलित कारखान्यांमुळे येऊ घातलेल्या बेकारीचा इशाराही दिला.

परंतु वीनरच्या नैतिक विचाराचे मर्म या दोन पत्रांपेक्षा एका कथेच्या वाचनात अधिक स्पष्ट दिसते. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज या इंग्रज लेखकाची ‘द मंकीज पॉ’ ही कथा त्याने आपल्या लेखनात वारंवार आणली. माकडाच्या मंतरलेल्या पंजाकडे एक वृद्ध दोनशे पौंड मागतो; ते मिळतात, पण कारखान्यातील यंत्रात सापडून मेलेल्या मुलाची भरपाई म्हणून. पंजाने मागणी अक्षरशः पुरी केलेली असते. वीनरच्या दृष्टीने शिकणाऱ्या यंत्राचा धोका हाच होता. यंत्र अवज्ञा करील याहून ते आज्ञेचे शब्दशः पालन करील, ही भीती त्याला मोठी वाटत होती. १९६४ मध्ये, त्याच्या मृत्यूच्या वर्षी, आलेल्या ‘गॉड अँड गोलेम’ या छोट्या पुस्तकातही हीच कथा पुन्हा येते.

भारतीय शास्त्रपरंपरेत या पेचाला एक फार घरगुती उदाहरण आहे. ‘कावळ्यांपासून दही राख’ असे सांगितले असता मुलाने कुत्र्याला दही खाऊ द्यावे काय? येथे ‘कावळे’ हा शब्द दही नासवणाऱ्या सर्वच प्राण्यांचे उपलक्षण आहे, असे शास्त्रकार सांगतात, आणि ते न कळणारा श्रोता मूर्ख ठरतो. वीनरचे यंत्र हा असा श्रोता आहे. अभिधा त्याला कळते. लक्षणा कळत नाही, आणि वक्त्याचे तात्पर्य काय ते तर मुळीच नाही. म्हणून तात्पर्याचा सगळा भार आज्ञा देणाऱ्यावर पडतो. त्याला कुत्रे, मांजर, मुंगूस, शेजाऱ्याचा मुलगा हे सर्व आधीच मोजून ठेवावे लागतात. यात बेंथॅमचे किंवा कांटचे कोणतेही सूत्र ‘लावलेले’ नाही. प्रश्न आहे तो वाक्यार्थाचा, आणि त्याच्या पोटात जबाबदारीचा.

वीनर आज्ञा देणाऱ्या माणसाचा विचार करत होता. यंत्राचे बोलणे ऐकणाऱ्या माणसाचा प्रश्न उभा राहिला तो ‘एलायझा’मुळे. जोसेफ वायझेनबाउम हा १९२३ मध्ये बर्लिनमध्ये जन्मलेला ज्यू. १९३६ मध्ये त्याचे कुटुंब नाझी जर्मनी सोडून अमेरिकेत आले. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अध्यापक असताना १९६४ ते १९६६ या काळात त्याने टंकलेखकाद्वारे माणसाशी इंग्रजीत संवाद करणारी एक आज्ञावली रचली आणि जानेवारी १९६६ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. नाव घेतले ते शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधील नायिकेचे, कारण तिच्याप्रमाणे या आज्ञावलीलाही उत्तरोत्तर चांगले बोलायला शिकवता येत होते, ती त्यामुळे शहाणी होते की नाही हा प्रश्न वेगळा. पु. ल. देशपांडे यांच्या ‘ती फुलराणी’मुळे हे नाटक मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. शॉच्या नाटकात एलायझा शेवटी हिगिन्सला उलट बोलते, स्वतःचे बोलते. वायझेनबाउमच्या एलायझाला स्वतःचे असे काहीच बोलता येत नव्हते. सारी गंमत आणि सारा अनर्थ तेथेच आहे.

तिची रचना साधी होती. समोरच्याच्या वाक्यातील एखादा महत्त्वाचा शब्द हेरायचा, त्या शब्दासाठी ठरवलेला साचा काढायचा, ‘मी’चे ‘तुम्ही’ करायचे आणि वाक्य प्रश्नाच्या रूपाने परत पाठवायचे. ‘आई’ हा शब्द आला की कुटुंबाविषयी विचारायचे. काहीच सापडले नाही तर ‘पुढे बोला’ अशा अर्थाचे काहीतरी म्हणायचे, किंवा समोरच्याने पूर्वी स्वतःविषयी काही सांगितले असेल तर त्याची आठवण करून द्यायची. (मराठीत हीच रचना करू पाहणाऱ्याला पहिल्याच ओळीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ यांतून निवड करावी लागेल, आणि दुसऱ्या ओळीत क्रियापदाचे लिंग ठरवावे लागेल, म्हणजे रुग्णाशी आपले नाते काय हे यंत्राला आरंभीच जाहीर करावे लागेल. इंग्रजी सर्वनामाने ही जबाबदारी झाकून ठेवली.) या रचनेला वायझेनबाउमने जी संवादसंहिता पुरवली तिचे नाव ‘डॉक्टर’. कार्ल रॉजर्सच्या पद्धतीचा मानसोपचारक रुग्णाचेच बोलणे त्याला परत ऐकवतो. ही भूमिका निवडण्याचे कारण अगदी व्यावहारिक होते : जगाविषयी काहीच माहीत नसल्याचे सोंग आणणे हे या एकाच संभाषणात शोभून दिसते.

१९६६ च्या निबंधाचा हेतू उघडच भ्रमनिरासाचा होता. आज्ञावली कशी चालते हे एकदा सांगितले की तिची जादू संपते, असे निबंधाच्या आरंभीच म्हटले आहे. घडले ते उलटे. वायझेनबाउमला हे काम करताना कित्येक महिने पाहत असलेल्या त्याच्या सचिव महिलेने यंत्राशी थोडेसे बोलणे झाल्यावर त्यालाच खोलीबाहेर जाण्यास सांगितले. हा प्रसंग त्याने दहा वर्षांनी लिहिला आणि तो पुढे इतक्या वेळा सांगितला गेला की त्याची आता दंतकथा झाली आहे. त्यातला महत्त्वाचा तपशील मात्र सहसा सुटतो : ती अजाण नव्हती. यंत्रात कोणी नाही हे तिला ठाऊक होते. म्हणजे अज्ञान दूर केल्याने प्रश्न सुटणारा नव्हता. माहिती उघड करणे हा आजही संगणकनीतीत रामबाण उपाय मानला जातो. त्याच्या मर्यादेचा हा बहुधा पहिला नोंदलेला पुरावा आहे.

हे कोडे पाश्चात्त्य चर्चेत ‘एलायझा-परिणाम’ या नावाखाली मानसशास्त्राकडे सोपवले गेले. काव्यशास्त्राच्या अभ्यासकाला ते अधिक नेमकेपणाने मांडता येईल. नाटकातील दुष्यंत खरा नाही हे प्रेक्षकाला ठाऊक असते, तरी त्याला रसप्रतीती होते. रस रंगमंचावर नसतो, सहृदयाच्या ठायी असतो. एलायझाच्या संवादातील सहानुभूतीही यंत्रात नव्हती. वाचणाऱ्याने ती आपल्यापाशी असलेल्या सामग्रीतून उभी केली. येथवर साम्य आहे. पण अभिनवगुप्ताने रसाच्या विघ्नांत स्वतःच्याच सुखदुःखात गुंतून पडण्याची गणना केली आहे. साधारणीकरण होते ते भाव कोणा एकाचा राहत नाही म्हणून. एलायझासमोर बसलेली व्यक्ती आपलेच दुःख मांडत असते, आणि उत्तरात ते आपलेच म्हणून परत येते. जे नाट्यानुभवात विघ्न आहे तेच येथे संपूर्ण आशय आहे. म्हणून ‘लोक नाटकाने रडतात, तसे यंत्राने रडले तर बिघडले कोठे’ हा युक्तिवाद लागू पडत नाही. नाटकातून उठून प्रेक्षक घरी जातो. येथे घरच रंगमंचावर आणलेले असते.

वायझेनबाउमला खरा धक्का बसला तो सचिवापेक्षा मानसोपचारकांच्या प्रतिक्रियेने. स्टॅनफर्डच्या केनेथ कोल्बीने सहकाऱ्यांसह १९६६ मध्येच असे सुचवले की, पुरेशा सुधारणा झाल्यावर अशी आज्ञावली उपचारकांची टंचाई असलेल्या रुग्णालयांत वापरता येईल आणि एक संगणक तासाला शेकडो रुग्ण हाताळू शकेल. विडंबन म्हणून घातलेली वस्त्रे कोणी गणवेश म्हणून शिवायला टाकावीत, तसे हे झाले. उपचारकाला स्वतःचे काम असे कोणते वाटत असावे, की त्याच्या जागी हे यंत्र चालेल असे त्याला वाटले? या प्रश्नातून ‘कॉम्प्युटर पॉवर अँड ह्यूमन रीझन’ (१९७६) हा ग्रंथ झाला. त्याच्या उपशीर्षकात विवेकनिर्णयापासून गणनेपर्यंतच्या प्रवासाचा निर्देश आहे. संगणकाला काय करता येईल हा प्रश्न लेखकाने जवळजवळ सोडून दिला. करता आले तरी त्याच्याकडून काय करवून घेऊ नये, हा त्याचा प्रश्न होता. वर्ज्य कामांत त्याने दोन वर्ग ठळक केले : जेथे माणसामाणसांतील आदर, समजूत आणि प्रेम यांची जागा यंत्राला द्यावी लागते ती कामे, आणि ज्यांचे परिणाम परत फिरवता येत नाहीत, पुरते दिसतही नाहीत, अशी निकडीच्या गरजेवाचून हाती घेतलेली कामे.

या ग्रंथावरचे सर्वांत तिखट परीक्षण जॉन मॅकार्थीचे. ‘कृत्रिम बुद्धिमत्ता’ हा शब्दप्रयोग रूढ करणारा हा शास्त्रज्ञ स्टॅनफर्डचाच. ग्रंथाला ‘अविवेकी’ ठरवणारे शीर्षक देऊन त्याने लिहिले की, यंत्राकडून मानसोपचार करवणे हे, त्याने लोक बरे होणार असतील तर, नैतिकच ठरेल. अडचण एवढीच की शास्त्र अजून तेवढे पुढे गेलेले नाही. उपयुक्ततावादाचे याहून स्वच्छ उपयोजन मिळणे अवघड आहे. त्याची दुसरी हरकत अधिक गंभीर होती आणि तिला पुरेसे उत्तर कधी मिळाले नाही : आवेशपूर्ण पण अस्पष्ट नीत्युपदेश हुकूमशाही वृत्तीच्या हाती शस्त्र देतो. ‘हे संशोधन करू नये’ हे कोणी ठरवायचे?

पाठ्यपुस्तकांत हा वाद परिणामवादी मॅकार्थी विरुद्ध कर्तव्यवादी वायझेनबाउम असा लावला जाऊ शकतो, आणि माणसाला केवळ साधन मानू नये हे कांटचे तत्त्व वायझेनबाउमच्या तोंडी सहज बसते. पण तसे केल्याने वादाचा विषयच हरवतो. मॅकार्थीच्या वाक्यात ‘बरे होणे’ हे पद गृहीत आहे. ते मोजता येते आणि कोणत्या मार्गाने झाले याच्याशी त्याचा संबंध नाही, असे तो धरून चालतो. वायझेनबाउमचे म्हणणे असे की, आपले बोलणे कोणीतरी समजून घेतले, हा बरे होण्याच्या अर्थाचाच भाग आहे. तो वगळला तर उरते ते दुसरेच काहीतरी. न्यायाधीशाच्या उदाहरणात हे अधिक स्वच्छ दिसते. संगणकाला सांगता येणार नाही असे न्यायाधीशाला काय ठाऊक असते, असा मॅकार्थीचा प्रश्न ग्रंथात नोंदवलेला आहे, आणि ‘काहीच नाही’ हे त्याचे उत्तरही. वायझेनबाउमला हा प्रश्न विचारणेच अश्लाघ्य वाटले. कारण त्यात न्याय करणे म्हणजे काही ठाऊक असणे, असा अर्थ आधीच घेतलेला होता. आरोपीला शिक्षा सुनावणारा स्वतःही शिक्षेस पात्र होऊ शकणारा माणूस असावा लागतो, हे माहितीच्या हिशोबात बसत नाही. उपपत्ती लावण्याच्या आधीच, वर्णनाच्या पातळीवर, दोघांचे वाटे वेगळे झाले होते.

ज्या काळात हा वाद चालू होता त्याच काळात विषयाला नाव मिळत होते. ओल्ड डोमिनियन विद्यापीठात वैद्यकीय नीतीचा अभ्यासक्रम शिकवताना वॉल्टर मॅनरला दिसले की संगणक मध्ये आला की जुने पेच अधिक चिघळतात. त्याने वेगळा अभ्यासक्रम सुरू केला आणि १९७८ मध्ये तो शिकवू इच्छिणाऱ्यांसाठी एक साहित्यसंच तयार केला. बेंथॅम, मिल आणि कांट यांना हाताशी धरून चालण्याची वाट त्यानेच पाडली. त्याची सहकारी डेबोरा जॉन्सन हिला प्रश्न नवे वाटत नव्हते. जुन्याच प्रश्नांना पडलेला तो नवा पीळ होता. १९८५ मधील तिच्या पुस्तकाने पाठ्यपुस्तकाचा साचा घालून दिला. व्यवसायसंघटनांच्या आचारसंहिता याच सुमारास आकाराला आल्या. अमेरिकेतील संगणकतज्ज्ञांच्या प्रमुख संघटनेची संहिता १९७० च्या दशकाच्या आरंभीची. त्यांविषयी येथे अधिक सांगण्यासारखे नाही.

१९८५ मध्येच जेम्स मूरचा ‘व्हॉट इज कॉम्प्युटर एथिक्स?’ हा निबंध आला, आणि तो उपयोजनवाद्यांचा आधारग्रंथ समजला जात असला तरी त्यातले प्रतिपादन वेगळ्या दिशेचे आहे. संगणक तार्किकदृष्ट्या कोणताही आकार घेऊ शकतो. त्यामुळे अशा कृती शक्य होतात ज्यांच्यासाठी धोरणच अस्तित्वात नसते. पण धोरणाच्या पोकळीखाली बहुधा संकल्पनेचा गोंधळ असतो, असे मूर म्हणतो : जिचे रक्षण करायचे ती वस्तू कोणती हेच ठरलेले नसते. आज्ञावली ही कल्पना आहे, प्रक्रिया आहे, की लेखन आहे? कायद्याने याचे उत्तर दिले ते साहित्याभ्यासकांनी अवश्य लक्षात घ्यावे असे आहे. अमेरिकेत १९८० मध्ये आज्ञावली स्वामित्वहक्क कायद्याखाली आली. आणि भारताच्या १९५७ च्या कायद्यात १९८४ च्या दुरुस्तीने ‘साहित्यकृती’च्या व्याख्येतच संगणकाच्या आज्ञावलीचा समावेश झाला. साहित्य म्हणजे काय याविषयी आपल्याकडे शतकभर चाललेल्या वादात संसदेने घातलेली ही भर समीक्षकांच्या लक्षातही आली नाही.

मूरचे दुसरे निरीक्षण अदृश्यतेविषयीचे. विमानतिकिटांच्या आरक्षणासाठी अमेरिकन एअरलाइन्सने चालवलेल्या ‘सेबर’ प्रणालीत प्रवासी-प्रतिनिधीच्या पडद्यावर त्या कंपनीची उड्डाणे अग्रक्रमाने दिसत. १९८४ मध्ये अशा पक्षपाती मांडणीवर नियमाने बंदी आली. यादीचा क्रम हेही एक विधान असते, हे वाचनाने कळते. खोटे बोलू नये हे तत्त्व कितीही घट्ट धरले तरी या यादीत खोटे असे एकही वाक्य सापडले नसते.

याचे सर्वांत दारुण उदाहरण ‘थेरॅक-२५’ या किरणोपचार यंत्राचे. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात या यंत्राने अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणमात्रा दिली, काही दगावले. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ मध्ये या अपघातांचा जो वृत्तांत प्रसिद्ध केला तो नीतिशास्त्राच्या वर्गात हटकून वाचला जातो. निष्काळजीपणा वाईट, हे सांगण्यासाठी मात्र कोणत्याही उपपत्तीची गरज नाही. बेंथॅम, कांट आणि ॲरिस्टॉटल यांचे येथे पूर्ण एकमत होईल, आणि म्हणूनच त्यांच्यापैकी कोणाकडून काही नवे कळत नाही. कळते ते पडद्यावरील एका ओळीतून. मार्च १९८६ मध्ये टेक्ससमधील टायलर येथे यंत्र थांबले आणि पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ एवढेच उमटले. चालकाच्या पुस्तिकेत या संदेशाचा अर्थ दिलेला नव्हता. दिलेली मात्रा फार जास्त अथवा फार कमी आहे, असा त्याचा अर्थ असल्याचे नंतर एका तंत्रज्ञाने सांगितले. मागितलेल्या २०२ एककांपैकी केवळ ६ दिली गेल्याचे पडदा दाखवत होता. असे बारीकसारीक संदेश रोजचेच असल्याने चालक महिलेने उपचार पुढे चालू ठेवण्याची कळ दाबली. तिने संदेश वाचला होता, आणि सवयीने जो वाचता येण्यासारखा होता तसाच वाचला होता. परस्परविरुद्ध दोन अर्थ एकाच चिन्हात कोंबणाऱ्या अज्ञात लेखकाची जबाबदारी मोजायला नीतिशास्त्रापाशी तेव्हा शब्द नव्हते.

एलायझाच्या संहितेचा पुढचा इतिहासही बोलका आहे. १९६६ च्या निबंधाला ‘डॉक्टर’ची संवादसंहिता जोडलेली होती, मूळ आज्ञावली छापलेली नव्हती. पुढची पन्नासहून अधिक वर्षे जगाने जी एलायझा पाहिली ती इतरांनी इतर संगणकभाषांत नव्याने लिहिलेली होती. मूळ लेखन २०२१ मध्ये विद्यापीठाच्या अभिलेखागारातील वायझेनबाउमच्या कागदपत्रांत सापडले. पाठभेदांत बुजलेल्या ज्ञानेश्वरीची प्रत १५८४ मध्ये एकनाथांनी शुद्ध केली हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या कामाचे स्वरूप वेगळे समजावून सांगावे लागणार नाही. दरम्यान २०२२ नंतर सर्वांच्या हाती आलेल्या संवादयंत्रांमुळे कोल्बीचा जुना प्रस्ताव पुन्हा चर्चेत आला आहे, आणि मॅकार्थीचा ‘लोक बरे होणार असतील तर’ हा खंडही त्यासोबत परत आला आहे.

अर्थनिर्णयाची ही बाजू मांडताना तिची उणीव झाकता येत नाही. वाचन चुकू शकते, आणि वायझेनबाउमचे एका ठिकाणी ते स्पष्टपणे चुकले. निकडीच्या गरजेवाचून चाललेल्या कामाचे उदाहरण म्हणून त्याने मानवी बोलणे ओळखणाऱ्या यंत्रांवरील संशोधन निवडले. त्यासाठी संरक्षण खात्याच्या संस्थेकडून पैसा येत होता. नौदलाला आवाजाने जहाजे चालवायची होती. आणि दूरध्वनीवरील संभाषणांवर पाळत ठेवणे त्यामुळे सोपे होणार होते. हे सारे त्याने बरोबर वाचले. पण गरज कोणाची, हे त्याने अनुदान देणाऱ्याच्या कागदपत्रांत शोधले. २००८ मध्ये तो वारला, तोपर्यंत हेच तंत्र हात न चालणारी आणि डोळ्यांनी न दिसणारी माणसे स्वतःची पत्रे स्वतः लिहिण्यासाठी वापरू लागली होती. त्यांची नावे त्या कागदपत्रांत कोठेच नव्हती.